तुमच्या तोंडी ब्रिज, माझ्या तोंडी कॅनॉल

आदरणीय साडूसाहेब,

दोन्ही हात जोडून आणि तोंड मिटून नमस्कार. (मिटून का, ते पुढे येईलच.) तुमची तब्येत ठणठणीत असणार, ते विचारायलाच नको. ताईंचा गुडघा काय म्हणतो? इकडे आम्ही मजेत आहोत, म्हणजे ही मजेत आहे आणि मी आहे.

आता स्पष्टच लिहितो. मी तुमच्यावर जळतो. आजचं नाही, लग्नापासूनचं आहे. तुम्ही पुलांच्या खात्यात, मी कॅनॉलवर इन्स्पेक्टर. तीस वर्षं चिखल तुडवत मी पाणी पार शेवटच्या शेतापर्यंत पोचवलं, आणि लोक ते पाणी बघायला उभे राहिले तुमच्या पुलावर! सासरेबुवा येईल त्या पाहुण्याला दाखवायचे, हा आमच्या थोरल्या जावयांचा पूल. खालून वाहतंय ते कोणाचं, हे एकानेही कधी विचारलं नाही. तेही मी गिळलं. पण गेल्या महिन्यात सासऱ्यांकडे जेवताना तुम्ही नवे दात दाखवत हसलात (तीन दातांचा ब्रिज! तोंडातसुद्धा पूलच!) आणि ही म्हणाली, भाऊजींचं हसणं किती छान आहे. मी दातओठ खात बसलो. त्यातही पुढचा दात अर्धाच होता.

तुमच्या लक्षात आलं नसेल (तुम्ही आरशाबाहेर बघता कधी?), पण पेनाचं टोपण दातांनी ओढताना माझा पुढचा दात तुटला, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी ओठ मिटूनच हसतो. हिला वाटतं, निवृत्त झाल्यावर माणूस तुसडा झाला. म्हणून सरळ तुमच्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नातं सांगितलं नाही. त्यांनी एक्स-रे काढला आणि म्हणाल्या, मूळ पक्कं आहे, ब्रिजची गरज नाही, रूट कॅनॉल करून वर कॅप बसवू. ऐकलंत? तुम्हाला ब्रिज आणि मला कॅनॉल! निवृत्त होऊनही माझी बदली तिथेच!

तरी म्हटलं, कॅनॉल म्हणजे आपलाच विषय. खुर्चीत आडवा होताच विचारलं, गाळ किती आहे? त्या म्हणाल्या, बोलू नका. बारीक सुयांनी त्यांनी पार मुळापर्यंत साफ केलं, त्यात नाव ठेवायला जागा नाही. पण नंतर काय करावं त्यांनी? एवढा साफ केलेला कॅनॉल भरून कायमचा बंद केला! माझ्या हाताखालच्या कोणी असलं काम केलं असतं, तर त्याच दिवशी लेखी खुलासा मागवला असता. पण माझ्या तोंडात नळी होती.

पुढच्या खेपेला कॅपचा रंग ठरवायचा होता. त्यांच्याकडे दातांच्या रंगांची पट्टी असते. त्यातला एकेक नमुना त्या माझ्या दातांना लावून जुळवायला लागल्या, तेव्हा मला राहवेना. विचारलं, त्या पूलवाल्यांना कोणता रंग दिलात? म्हणाल्या, दुसऱ्या पेशंटचं सांगता येत नाही. मग मी पट्टीतला सगळ्यात पांढरा नमुना दाखवला. बाईंनी दोनदा समजावलं, बाकीचे दात चहाच्या रंगाचे आहेत, हा एकटाच उठून दिसेल. मी म्हटलं, दिसू दे, साडूंपेक्षा कमी पांढरा नको. (निसटलंच तोंडातून!) त्या फक्त "अच्छा" म्हणाल्या.

कॅप बसवून घरी आलो. दार हिनेच उघडलं, आणि तीन वर्षांनी मी तोंडभरून हसलो. ही बघतच राहिली. मग जवळ येऊन म्हणाली, "अहो, दाताला खडू चिकटलाय," आणि पदराने पुसायला लागली. खडू काही निघेना. मग जी हसत सुटली, ती भिंतीला टेकली, खाली बसली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला खरं तर राग यायला हवा होता. पण मीही हसलो, आणि मी हसलो की तो दात दिसून ती पुन्हा पहिल्यापासून हसे. तुमच्या ब्रिजला एवढी हसली नव्हती, हे लक्षात असू द्या.

ताईंना नमस्कार सांगा.

आपला (नाइलाजाने),
धाकटा साडू

ता. क. मुख्य काम राहिलंच. येत्या रविवारी सासऱ्यांकडे सगळ्यांचा एकत्र फोटो आहे. ही कॅप बदलून घ्यायची ठरवलंय, पण त्याला दोन आठवडे लागतील. तरी कृपा करून फोटोत आपण तोंड मिटून उभं राहावं. त्यासाठीच हे पत्र लिहिलं.

पुन्हा ता. क. हिने पत्र वाचलं. मला म्हणते, "अहो, मी दातांचं कुठे बोलले होते, हसण्याचं बोलले होते. तुम्ही तीन वर्षं हसला नव्हतात, म्हणून दुसऱ्याचं दिसलं." तेव्हा वरची विनंती रद्द समजा, तुम्ही खुशाल हसा. कॅपही आता बदलायची नाही. फक्त रविवारी हिच्या शेजारी मी उभा राहणार, तुम्ही कडेला. आणि मी चांगला दात काढून हसणार आहे.