डेझीला खोड नाही

५ जानेवारी
आज बाजारातून घोडी घेतली. पांढरी, शांत, लांब पापण्यांची. शहागडला नदीकाठच्या आमच्या रानातून दर रविवारी पाहुण्यांना घोड्यावरून फिरवायचं. ट्रेल राईड. रिटायर झालेल्या शिक्षिकेनं नुसती लोणची घालत बसू नये. विकणारे बद्रीनाथ म्हणाले, दोन दिवस घरी चालवून बघा, मग घ्या. गरज नाही म्हटलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेसचं तट्टू होतं, माझ्या डब्यातली पोळी त्यालाच जायची. घोड्याची नजर मला कळते. बाजारात लाउडस्पीकर चालू होता, त्यात ही काय ठेक्यात चालली! नाव ठेवलं डेझी.

८ जानेवारी
डेझी चालत नाही. उभी राहते. आमचं रान बघणारे तातेराव म्हणाले, ही वरातीची घोडी, वाजल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. त्यांना समजावलं, घर सुटल्याचं दुःख असतं. बोर्डिंगमध्ये मीसुद्धा तीन दिवस जेवले नव्हते.

८ जानेवारी, संध्याकाळ
मोबाईलवर बँड लावून पाहिला. डेझी मान डोलवत बांधापर्यंत गेली. तातेरावांना बोलले नाही.

१९ जानेवारी
पहिली राईड. पाहुणी उषाबाई, माझी वर्गमैत्रीण. मोबाईल माझ्या हातात, आवाज बारीक. सगळं छान चाललं होतं. मग हायवेवरून खरी वरात आली. डेझी तिकडे वळली. पुढचा अर्धा तास उषाबाई नवरदेवाच्या गाडीपुढे. बँडवाल्यांनी घोडी ओळखली. नवरदेवाच्या मामांनी उषाबाईंना फेटा बांधला. त्या माझ्याशी बोलत नाहीत. फोटो मात्र चांगले आलेत.

२० जानेवारी
डेझी विकायची. सगळं खरं सांगून. मॉरल सायन्समध्ये माझा पहिला नंबर असायचा.

२६ जानेवारी
अंतरवाली सराटीहून अंगद आला. माझा जुना विद्यार्थी, अजून वाकून नमस्कार करतो. आईचे, कौसल्याबाईंचे, गुडघे गेलेत. त्यांना रोज एकदा रान बघायचं असतं आणि पायवाटेनं गाडी जात नाही. म्हणून गरीब घोडी हवी. मी सांगणारच होते. पण त्यानं विचारलं, "बाई, काही खोड?" आणि माझ्या तोंडून गेलं, "बिलकुल नाही."
चालवून दाखवली. मोबाईल पर्समध्ये होता, बँड अगदी हळू. चेन लावली की आवाज डेझीला पुरतो, माणसाला येत नाही, काल घरी तपासलं होतं. अंगदनं पैसे दिले आणि घोडी टेम्पोत चढवून नेली.
तसं पाहिलं तर खोटं नाही. तिला खोड नाही, आवड आहे.

२७ जानेवारी
काल तपासलं होतं, असं लिहिलंय वर. म्हणजे आधीच ठरवलं होतं की काय मी?
नाही. सहज तपासलं होतं.

२ फेब्रुवारी
तातेरावांनी बातमी आणली. परवा कौसल्याबाई पाठीवर असताना गावातल्या लग्नाचा बँड बंद झाला आणि डेझी कपाशीच्या रानात थांबली. अंगद अंबडला गेलेला. त्यांना उतरता येईना, आसपास कुणी नाही. दोन तास उन्हात. शेवटी वेळ जाईना म्हणून त्या हळदीची गाणी म्हणू लागल्या, आणि घोडी चालू लागली. गाणं थांबलं की घोडी थांबे. घरी पोचेपर्यंत घसा बसला.
ताट वाढून घेतलं होतं. तसंच राहिलं.

३ फेब्रुवारी
सकाळी अंतरवालीला गेले. माफीचं भाषण एसटीत पाठ केलं, शाळेच्या गॅदरिंगसारखं. तिथे एकही वाक्य आठवेना. घोडी परत न्यायला आले, एवढंच म्हटलं. कौसल्याबाई घोगऱ्या आवाजात नको म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांची गाणी पूर्ण कुणी ऐकली नव्हती म्हणे.
मग सांगितलं. त्या दिवशी पर्समध्ये मोबाईल वाजत होता, अंगद.
त्यानं चहाचा कप खाली ठेवला.
"ऐकू आल्तं, बाई. पण तुम्ही न्हाई म्हणल्यावर मला वाटलं, माझेच कान वाजून राह्यलेत."
पर्स मांडीवर होती. पदराखाली घेतली.