तेबोराच्या भुवया

३ मार्च, सोमवार
ही वही मला आमच्या साहेबांमुळे, नाबुआकामुळे, विकत घ्यावी लागली. साहेबांनी नवा तक्ता छापून आणला आहे. प्रत्येक जुन्या माणसाने एक नवा माणूस तयार करायचा, रोज त्याच्याबद्दल एक ओळ लिहायची, आणि ओळ ‘उत्साह वाढवणारी’ हवी! तीन आठवड्यांनी सही — ठेवायचं की घरी पाठवायचं. उत्साह वाढवण्यासारखं काही घडलंच नाही तर? “वाट पाहा,” म्हणाला. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहे.

तक्त्यात एक ओळ जाईल. बाकीचं इथे.

माझ्या वाट्याला तेबोरा. वय एकोणीस, बेट माइआना. वडीलधाऱ्यांसमोरून जाताना वाकावं तशी माझ्या खुर्चीसमोरून कमरेत वाकून जाते. रीत चांगली. पण होड्यांशी बोलायची आमची बिनतारी खोली आठ फुटांची — पोरगी दिवसभर वाकलेलीच. शेवटी दुपारी टेबलाखाली सापडली.

४ मार्च
आज माइक तिच्या हातात दिला. शेजारच्या आबाइआंग बेटाचा काबुरे होडी घेऊन निघाला होता. सत्तरीचा नावाडी, आवाज भोंग्यासारखा. “किनारा, मी ऐकू येतोय का?” तेबोरा गप्प. “किनारा?” गप्प. तिसऱ्यांदा तो ओरडला, “अरे, मेलात की काय सगळे!”

मी वळून पाहिलं. बाईसाहेब माइककडे बघून दोन्ही भुवया उंचावत होत्या!

आता ‘हो’ म्हणायला आमच्याकडे तोंड कोण उघडतं? भुवया वर केल्या की झालं. पण काबुरे बारा मैलांवर!

“तेबोरा, त्याला तुझं तोंड दिसतं का?”
तिने नीट विचार केला. “नाही, नेई कातारिना.” नेई, म्हणजे बाई — मान द्यायला विसरत नाही पोरगी.
“मग बोलायचं. कळलं?”
भुवया वर.

तक्त्यात लिहिलं: चेहरा बोलका आहे.

६ मार्च
औषधपेटीतली चिकटपट्टी काढून तिच्या दोन्ही भुवयांवर लावली. उंचावल्या की ओढ बसते, आठवण होते. दुपारपर्यंत चार वेळा तोंडाने ‘हो’ म्हणाली. नाबुआका डोकावला.

“हिला कोणी मारलं?”
“शिकवतेय.”
“हे तक्त्यात कोणत्या रकान्यात बसतं?”
म्हटलं, तक्ता तुमचा, रकाना तुम्ही शोधा.

संध्याकाळी पट्टी काढताना अर्धी भुवई बरोबर आली. मला वाटलं, रडेल. नाही रडली. घरी जाऊन तिच्यासाठी नीरफणस भाजून ठेवला. विशेष काही नाही — झाडाला जास्त लागले होते.

११ मार्च
बोलते आता. फार बोलते! काबुरेला चक्क विचारलं, “काका, गुडघा कसा आहे?” अख्खं आबाइआंग कान लावून बसलेलं असतं!

खडसावलं. होडीचं नाव, जागा, माणसं, इंधन. चार गोष्टी. फिजीत, सुवा शहरातल्या कॉलेजात आम्हाला पाचवी बोललो तर बाहेर काढत. गुडघा त्यात नाही.

“पण नेई कातारिना, होडीत माणसंच असतात. त्यांना गुडघे असतात.”

उलट उत्तर! मनात म्हटलं, चला, कणा आहे. तोंडाने म्हटलं, “चहा कर.”

१३ मार्च
चहात न विचारता माडीचा पाक घातला तिने. प्यायले. रिकामा कप तिच्यापुढे सरकवला.

१७ मार्च, सोमवार
तिची आई माइआनाहून आली. दोन जिवंत कोंबड्या घेऊन. “सही तेवढी करा, बाई. नाही झाली तर ही घरी येऊन खोबरं वाळवणार, आणि धाकटीची शाळाही सुटणार.”

“सही कोंबड्यांवर होत नसते,” मी म्हटलं. परत दिल्या. एक दिली, म्हणायला हवं. दुसरी सुटली आणि नाबुआकाच्या तक्त्यांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली. तिथे तिने जे केलं ते मात्र उत्साह वाढवणारं होतं.

विनोद राहू दे. सही करावी की नाही, मला खरंच ठरत नाहीये. पोरगी प्रामाणिक आहे, वेळेवर येते. पण समुद्र शांत असताना कोणीही बोलेल. होडी अडचणीत आली, समोर वडीलधारा माणूस असला, आणि ही पुन्हा माइककडे भुवया करून बसली तर? त्या होडीत माणसं असतात. शुक्रवारी सही.

१९ मार्च, बुधवार
सगळं क्रमाने लिहिते.

काबुरे सकाळी आठला निघाला. सहा माणसं. दहाला पोचायला हवा होता. साडेअकराला त्याचा आवाज आला, “सगळं ठीक.” मी नोंदवहीत लिहिलं — ठीक.

तेबोराने माइक घेतला. मागितला नाही, घेतला! “काका, इंजिन बंद पडलंय का?”

काही नाही.

“संपर्क तुटला,” मी म्हटलं. “पुढची होडी घे.”
“तुटला नाही. ते हो म्हणाले.”
“कधी?”
“आत्ता. भुवयांनी.”

मी पेन्सिल खाली ठेवली.

“अख्खं गाव ऐकत असताना एवढा मोठा नावाडी ‘इंजिन गेलं’ म्हणेल का, नेई कातारिना? लाजलेत ते. मी पण अशीच बसायचे ना!” आणि माइकमध्ये, अगदी हळू, “काका, काही बोलू नका. हो असेल तर माइकचं बटण दोनदा दाबा, इकडे टकटक ऐकू येते. नाही असेल तर एकदा.”

थांबलो.

“दोनदा,” ती म्हणाली.

इंजिन बंद — हो. पिण्याचं पाणी आहे? हो. बेट दिसतंय? नाही. दहाच्या आधी बंद पडलं? हो. पश्चिमेकडे वाहत चाललात? हो. वीस मिनिटांत म्हाताऱ्याला एक शब्द उच्चारायला न लावता तिने सगळं काढून घेतलं. मी नकाशावर खुणा करत गेले. गस्तीची बोट धाडली. तीन वाजता सहाही माणसं धक्क्यावर.

काबुरे उतरला आणि सगळ्यांना सांगत सुटला, “इंजिनाला जरा विश्रांती देत होतो.” तेबोरा म्हणाली, “बरोबर केलंत, काका.” तेव्हा तिच्याकडे बघून हळूच भुवया वर केल्या त्याने.

२० मार्च
नाबुआका अहवाल घेऊन आला. “बटणाचा आवाज दोघींनी ऐकला, असं लिहिलंय. दोघींच्या सह्या हव्यात.” तेबोरा माझ्याकडे बघत होती. मी सही केली.

२१ मार्च, शुक्रवार
तेबोराचा कागद: ‘ठेवायचं’ वर सही केली.

सकाळी सात वाजता तिच्या ताब्यात दिलं: कानाला लावायचे फोन, एक जोडी. नकाशे, नऊ. कपाटाची किल्ली. कोणता नावाडी केव्हा ‘सगळं ठीक’ म्हणतो त्याची माझी यादी, सव्वीस वर्षांची. माझी खुर्ची.

बुधवारी मला बटण ऐकू आलं नाही. दोनदा नाही. एकदाही नाही. हे कान आता त्या खुर्चीचे राहिले नाहीत; नाबुआकाला दुपारी सांगते.