वाघोबाच्या वडाचं नाव

शहापूर,
गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

तीर्थरूप मामा,

पाया पडते. मी इथे बरी आहे. नवे तांदूळ पोचले. घरमालकीण त्यातले दोन शेर ‘चव बघते’ म्हणून घेऊन गेली, तिची चव अजून बघून झालेली नाही. हिरीमामी कशी आहे? चैत्रात तिला आठ दिवस ताप आला होता, तो पुन्हा उलटला नाही ना?

दीड तासावर राहणारी भाची पत्र लिहिते म्हणून हसाल. पण समोर आले असते तर तुम्ही आधी चहा ठेवायला सांगितला असता, मग भाताच्या झोडणीचं काढलं असतं, आणि मी सांगायचं ते गिळून परत आले असते. तीनदा असंच झालं. म्हणून अंजू आज बाजाराला आली आहे, तर तिच्याच हाती हे देते. तुमच्या या लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही.

होळीनंतर मी आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना घेऊन आले होते. वटवाघळांत कोणते नवे विषाणू आहेत ते शोधणं हे आमचं काम. जाळं नाही, सुई नाही. पहाटे झाडाखाली प्लास्टिकची चादर पसरायची आणि वरून पडेल ते नळीत भरायचं. तुम्ही म्हणाला होतात, “येवढी शिकलीस गो दिपाली, आन वाघळांचा मूत गोला करतेस?”

मॅडम ओढ्यापलीकडच्या पाड्यात, तिथल्या वडाखाली होत्या. आपल्या बाजूचं काम माझ्याकडे होतं. वाघोबाच्या वडाखाली मी चादर टाकली तेव्हा तुम्ही मला बाजूला घेतलंत. “चादर टाक, माजी ना नाय. पन कागदावर आपला पाडा नको, वाघोबाचा वड नको. मान्सांना मी शबुद दिलाय.” करोनाच्या साली पाड्याचं नाव पेपरात आलं होतं. पुढे कितीतरी दिवस बाजारात मामीच्या करवंदांना कोणी हात लावला नाही, ते मीही पाहिलंय. मी मान डोलावली. मॅडमना सांगितलं, आपल्या झाडाखाली काहीच पडलं नाही. पण भरलेल्या नळ्या टाकवेनात. त्यांच्यावर पलीकडच्या वडाचं नाव लिहिलं आणि मॅडमच्या नळ्यांत ठेवून दिल्या.

अकरा नंबरच्या नळीत एक विषाणू सापडला. माहीत असलेल्या कुठल्याच विषाणूशी तो पुरता जुळत नाही. मॅडम म्हणाल्या, घराणं कळलं, पण लेकरू कोणाचं ते कळत नाही. तो माणसाला धरतो का, धरला तर काय करतो, हे कोणालाच ठाऊक नाही. ते कळायला झाडाजवळ राहणाऱ्यांचं रक्त तपासावं लागतं.

त्या नळीवरचं अक्षर माझं आहे.

रक्त तपासलं ते पलीकडच्या पाड्यात. चाळीस माणसं. सकुबाई नावाची म्हातारी हात पुढे करून म्हणाली, “आमच्याच वाट्याला का गो हे?” मी तिच्या हाताला सुई टोचली. आपली बला मी तिच्या दारात नेऊन ठेवली होती. सगळ्यांचं रक्त स्वच्छ निघालं. सोमवारी मॅडम म्हणाल्या, माणसांत काही नाही, इथलं काम आता आवरतं घेऊ.

मामा, स्वच्छ निघणारच. वाघोबाच्या वडाखालून रोज सरपण आणते ती आपली मामी. वाघळांनी उष्टे केलेले पेरू उचलून खातात ती आपली पोरं. मामीचा ताप साधाही असेल. पण ज्यांना ते शोधून काढता आलं असतं ते लोक माझ्या एका खोट्यामुळे सामान बांधत होते. मला भीती वाटते. दोन रात्री मला मामीच दिसते आहे.

काल मॅडमना खरं सांगितलं. त्यांनी नळ्यांची वही माझ्यापुढे सरकवली आणि माझ्याच हाताने नाव बदलायला लावलं. माझ्या नोकरीचं वरचे ठरवतील. झाड तोडणार नाहीत, वाघळांना हाकलणार नाहीत. पाड्याचं नाव बाहेर जाऊ देणार नाही असंही मॅडम म्हणाल्या. त्यावर विश्वास ठेवा असं तुम्हाला सांगायला मला आता तोंड नाही.

आपल्या पाड्यातलं रक्त तपासायला गाडी शनिवारी सकाळी येईल, मी गाडीत असेन. पोरांना खाली पडलेलं फळ खाऊ देऊ नका, एवढं आजपासून पाहा.

आधी विचारायचं होतंस, असं तुम्ही म्हणाल. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मी तुमचं ऐकलं असतं. आई गेल्यापासून तुमचंच ऐकत आले. म्हणून आधी सांगून टाकलं, आणि मग तुम्हाला लिहायला बसले.

तुमचा शब्द मोडलेली, तरी तुमचीच भाची,
दिपाली