चकातली मूठ कोणी काढू नये

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. उद्या ऑपरेशन आहे म्हणून अक्षर हललं, असं कोणी समजू नये. सकाळीच लेथवर, म्हणजे माझ्या कातयंत्रावर, पितळ कातलं, त्याचा आनंद अजून बोटांत आहे.

घरातला माझा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक नवऱ्याला.

माझा टेबलावरचा छोटा लेथ, सगळ्या हत्यारांसह, नणंदेला. निवडला तिनेच. दुकानदार सगळं यांना समजावत होता, आणि हे बिचारे नुसते उचलायला आलेले. तिने त्याने दाखवलेल्या चकचकीत यंत्राचा चक, म्हणजे धातू पकडून फिरणारा पंजा, दोन्ही हातांनी हलवून पाहिला. "वहिनी, हा नुसता नटलाय. आतून खिळखिळा आहे." मग हा काळा, जड, जागचा न हलणारा घेतला.

तिने केस बांधावेत, सुरुवातीला अगदी थोडं थोडं कातावं, आणि चकाची किल्ली काढल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. पहिला कुरळा कीस निघाला की ती ओरडेल. मीही ओरडले होते. शेजाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

लेथ नवऱ्याला का नाही, तेही लिहिते. माणूस सोन्यासारखा, पण हात शिवशिवतात. सासूबाईंच्या काठीची मूठ अर्धी कातून मी जेवायला गेले, तर यांनी ती प्रेमाने काढली, पुसली, परत बसवली. एकदा काढलेली वस्तू चकात पुन्हा त्याच मध्यावर बसत नाही. मूठ लंगडत फिरू लागली, वाया गेली. वर हे म्हणाले, "अगं, पण स्वच्छ झाली ना?" याची माफी नाही. घर दिलंय, तेवढं पुरे.

दुसरी मूठ आज अर्धी झाली आहे, चकातच आहे. तिला कोणीही हात लावू नये. धूळ बसली तर बसू द्यावी. मी परत आले नाही, तर नणंदेने ती आहे तिथेच पुरी करावी.

हे वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तिला कशाला? तूच पुरी करायचीस. तोवर मी भिंत धरून चालते."

तरी कलम खोडत नाही. असू दे कागदावर.

स्थळ: मागची खोली, लेथशेजारी.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी.
सही: (केली)
साक्षीदार: १. शेजारच्या दंतवैद्य बाई २. कोपऱ्यावरचे शिंपीकाका

ता. क. सह्या होईपर्यंत हे हातात फडकं घेऊन दारात उभे होते. फडकं जप्त करून दवाखान्यात सोबत नेत आहे.