खुणेपर्यंत पाणी

अण्णा, मागच्या वेळी तुम्हाला लिहिलं होतं, की आपला फुलपाखरू मासा लोडशेडिंगमुळे मेला. ते चुकीचं होतं. त्या आठवड्यात वीज रोज जायची हे खरं, पण आपण दोघं आळीपाळीनं हातानं पाणी ढवळत होतो आणि मासा त्यातून तगला होता. तो मेला मिठानं, आणि ते मीठ आपणच घालत होतो.

उन्हाळ्यात सोनईच्या घरात काचेच्या पेटीतलं पाणी रोज बोटभर खाली जायचं. साखर कारखान्यात तुम्ही ज्या नळीनं उसाच्या रसातली साखर मोजायचात, तशीच एक काचेची नळी पहिल्या दिवशी पेटीत तरंगवून तुम्ही खारेपणा मोजलात. मग पेटीच्या काचेवर पाण्याच्या पातळीशी खूण केलीत आणि मला म्हणालात, "समुद्राचा जीव आहे, त्याला गोडं पाणी दाखवायचं नाही. खुणेपर्यंत मिठाचंच पाणी घाल." शाळेत घालायच्या आधी पाटीवरची अक्षरं मला तुम्हीच गिरवायला दिली होतीत. तुमचं सांगणं तपासून पाहावं, हे माझ्या मनातही आलं नाही. ते दिवस अजून डोळ्यांपुढे आहेत: मी रोज सकाळी मुंबईहून आणलेलं मीठ कालवते आहे, तांब्यानं जपून ओतते आहे, पाणी खुणेच्या वर जाऊ देत नाही. पिवळा मासा, डोळ्यावरून काळा पट्टा, माझ्या बोटापाशी येतो. मग येईनासा होतो, कोपऱ्यात धापा टाकत राहतो. तो मेल्यावर तुम्ही पेटी रिकामी केलीत. "आपल्या हवेला मानवत नाही हा," एवढंच बोललात. दुसरा मासा आणला नाहीत, आणि पुढच्या वर्षी तुम्हीच गेलात.

यंदा उन्हाळ्यात एकदा गॅसवर आमटी आटली. मी तिच्यात पाणी घातलं आणि मिठाच्या बरणीकडे हात नेला. आई म्हणाली, "अगं, पानी आटलं, मीठ कुठं गेलं? परत घातलंस तर तोंडात धरवंल का?" मी हात मागे घेतला. रस आटला की साखर मागे राहते, हे तुम्ही जन्मभर मोजलंत, अण्णा. घरातल्या पेटीत तेच चाललं होतं आणि तुम्हाला दिसलं नाही. तुम्हाला चूक म्हणायची मला भीती वाटली, म्हणून आधी पातेल्यात करून पाहिलं. मिठाचं पाणी उन्हात ठेवलं, आटेल तेवढं रोज नुसतं गोडं पाणी घातलं. तुमची नळी होती तिथंच तरंगत राहिली.

भाऊ पेटी पेढेवाल्याला द्यायला निघाला होता. "इथं मानसं टँकरची वाट बघत्यात, अन् तुला घरात समुद्र पायजे व्हय? अण्णांना जमलं न्हाई ते तुला जमनार?"

"जमेल."

"बरं. ह्याबी खेपेला मेला, तर पेटीत पेढे."

मी कबूल केलं. तेव्हापासून पेटी भरलेली आहे, पाणी फिरतं आहे, खारेपणा हललेला नाही. पुण्याच्या दुकानदाराला दसऱ्यापर्यंत मासा राखून ठेवायला सांगितलं आहे, दुसऱ्या दिवशी तो घरी येईल.

हा कागदही मागच्यासारखाच घरात राहील. आईला मी अजून खरं सांगितलेलं नाही. तिच्या लेखी मासा विजेपायीच गेला. तुमची चूक तिच्यापुढे माझ्या तोंडून निघत नाही. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, नवा मासा पाण्यात सोडायच्या आधी, तिला सगळं सांगणार आहे.