तिसऱ्या बाकासाठी प्रार्थना

बुधवार, ११ मार्च
सकाळचे साडेसहा

प्रिय टाचणी,

सलाम.

परवा तुझ्या मुलीला तपासताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हिच्या आईला बाळंतपणानंतर असं काही झालं होतं का?" याचं उत्तर तुझ्याशिवाय कुणाला देता येणार नाही, म्हणून हे पत्र. नाहीतर लिहिलं नसतं. तेवीस वर्षं लिहिलं नाही, तेव्हा आज एकाएकी माया दाटून आली असं समजू नकोस.

टाचणी हे नाव माझ्या भावाने ठेवलेलं. तोंडात टाचण्या धरून तू कपडे बेतायचीस आणि तशीच बोलायचीस. दुसरं काय लिहावं ते सुचेना. 'वहिनी' लिहून खोडलं.

आधी इकडची खुशाली. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. तुला कुठूनतरी कळलं असेल, मी कळवलं नव्हतं. मी शाळेतून केव्हाच निवृत्त झाले. गुडघे कुरकुरतात, दात मात्र सगळे माझेच आहेत. प्रार्थनागट कालपर्यंत मीच चालवत होते. बारा जणी आहोत. दोघींना ऐकू येत नाही, पण आमेन त्याच सगळ्यांत मोठ्याने म्हणतात. मुलीचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं. जावई लिफ्ट दुरुस्त करतो, तोंडाने फटकळ आहे आणि हाताने चोख. सहा आठवड्यांपूर्वी त्यांना मुलगा झाला. नाक तुझं आहे, त्याला इलाज नाही.

आता मुलीचं. बाळ दहा दिवसांचं असताना ती मला म्हणाली, "आत्या, याला आंघोळ घालायची भीती वाटते गं. पाण्यात हात सुटेल असं सारखं डोक्यात येतं. सुटेल नाही, मीच सोडीन."

"घाबरू नकोस," मी म्हटलं. "साखळी लावते."

"लाव. पण कुणासमोर माझं नाव घेऊ नकोस."

साखळी तुला माहीत आहे. प्रत्येकीने आपल्या घरी एक तास प्रार्थना करायची, एकीचा तास संपला की दुसरीचा सुरू, सैतानाला कुठे फट मिळू नये म्हणून. सात दिवस ती चालली. शेवटच्या दिवशी आम्ही सगळ्या मुलीच्या घरी गेलो, तिला मधे बसवलं, डोक्यावर हात ठेवले. नाव मी घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "प्रभू, आईच्या रक्तातून जो आत्मा या घरात शिरला आहे, त्याला आम्ही तुझ्या नावाने बांधतो."

तेव्हापासून तिने बाळाला हात लावलेला नाही. तीन आठवडे झाले. दूध काढून वाटीत ठेवते, जावई चमच्याने पाजतो. बाळ रडलं की ही दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेते. "माझ्यात तो आहे ना आत्या? मग जवळ कशी जाऊ?" हे तिला मीच शिकवलं. आठ वर्षांची असताना तिने विचारलं होतं, आई का गेली, तेव्हा मी सांगितलं होतं की तुझ्या आईत तो होता.

जावयाने मला हाताला धरून बाहेर काढायचं तेवढं बाकी ठेवलं. "आत्याबाई," तो म्हणाला, "लिफ्ट अडकली की देवाचं नाव मीही घेतो. पण हातात पाना धरून घेतो. आणि आत अडकलेल्या माणसाला वरून ओरडून सांगत नाही, की तुझ्या आईमुळे अडकलास."

तो तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. कुणी बोलावलं नसताना मीही गेले. बाई तरुण आहेत, माझ्या शेवटच्या वर्गातल्या पोरींच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, हा आजार आहे आणि याला औषध आहे. आईला झाला असेल तर मुलीलाही होऊ शकतो. "आईला कशाने बरं वाटलं, ते मला कळायला हवं. त्याहून जास्त हिला कळायला हवं. ही गोळी तोंडात घालायला तयार नाही."

मी म्हटलं, "हिची आई बरी झालीच नाही. तशीच निघून गेली."

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

म्हणजे वर मी जे लिहिलं, की उत्तर तुझ्याशिवाय कुणाकडे नाही, ते खरं नाही. उत्तर माझ्या कपाटात आहे आणि तुझ्याच अक्षरात आहे.

तो रविवार तू विसरली असशील असं नाही. पण माझी बाजू तुला माहीत नाही. चर्चच्या प्रार्थनापेटीतून निघालेल्या चिठ्ठीवर नाव नव्हतं. "बाळाला उचलताना हात सुटेल असं वाटतं. मला माझीच भीती वाटते. प्रार्थना करा." अक्षर मी लगेच ओळखलं. मापांच्या वहीतलं, बारीक आणि उभं. आपण एका घरात राहत होतो. त्या दुपारी स्वयंपाकघरात तुझ्याशेजारी बसून मला बोलता आलं असतं. मी ते उपासनेत घेतलं. तिसऱ्या बाकावर बसलेल्या आमच्या बहिणीतला खुनाचा आत्मा, असे माझे शब्द होते. वीस मिनिटं मी त्या आत्म्याशी लढले. प्रार्थनेत कुणी डोळे उघडत नाही आणि कुणी मधे बोलत नाही. वर्गात पोरी चुळबुळ करतात, सभेत एखादा उठून उलट विचारतो, पण प्रार्थनेत माणूस मान खाली घालून सगळं ऐकून घेतो. इतकी वर्षं शिकवलेल्या बाईला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल?

शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं. तूही म्हणालीस. माझे डोळे उघडे होते, तुझे ओठ हललेले मी पाहिले. मग माझ्या भावाने तुझ्या मांडीवरून मुलगी उचलली आणि माझ्या हातात आणून दिली.

मला मूल हवं होतं. हे मी देवाजवळसुद्धा कधी बोलले नाही.

तुला आठ दिवस बहिणीकडे राहून ये म्हणून पाठवलं. त्यानंतर तू तीनदा दाराशी आलीस. भाऊ आतल्या खोलीत असायचा. तुझा आवाज त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून मी कडी लावून दारामागे मोठमोठ्याने प्रार्थना करायचे. तिसऱ्या खेपेला अर्धा तास ओरडले, घसा बसला. शेजारीण म्हणाली, "अहो बाई, ती केव्हाच गेली. तुम्ही कुणाला ओरडताय?"

पेटी व्हरांड्यात असायची, कुणीही केव्हाही येऊन चिठ्ठी टाकावी. तुझ्या आणखी चार आल्या. पहिली पाच आठवड्यांनी. "डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. भीती गेली, झोप लागते. बहिणीच्या बाळाला रोज आंघोळ घालते, हात सुटत नाही. देवाची उपकारस्तुती करा." दुसरीत होतं, मुलगी परत मिळावी. तिसरीत, माझ्या नणंदेचं मन वळावं. चौथी पुढच्या वर्षीची. "मुलीला गोवर आला असं ऐकलं. प्रार्थना करा."

पेटीतली प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचायची, हा नियम माझाच. या चार मी वाचल्या नाहीत. उपकारस्तुतीची चिठ्ठी आली तेव्हा तुझ्यातल्या आत्म्याविरुद्ध आमचा चाळीस दिवसांचा उपास चालला होता आणि तो अकरावा दिवस होता. बायका एकवेळ जेवत होत्या. त्यांना काय सांगणार होते, की जिच्यासाठी पोट मारताय ती गोळ्या खाऊन बरी झाली? उरलेले एकोणतीस दिवस मी त्यांच्याकडून पुरे करून घेतले.

सैतान आहे आणि प्रार्थनेपुढे तो टिकत नाही, हे मी आजही मानते. त्यावर वाद घालू नकोस. पण मी ज्या बाजूला तोंड करून लढत होते, तिथे तो नव्हता. तिथे एक शिवणकाम करणारी बाई होती, आणि तिचं मूल माझ्या कडेवर होतं.

काल संध्याकाळी मी मुलीला हे सगळं सांगितलं. उपकारस्तुतीची चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने दोनदा वाचली आणि परत केली. "यावर नाव कुठे आहे? कुणीही लिहिलेली असेल. मी गोळ्या घ्याव्यात म्हणून तू आता काहीही सांगशील." रडली नाही. तिचा माझ्यावर विश्वास राहिलेला नाही, आणि तो नसताना माझ्या खऱ्या बोलण्याचा तिला काही उपयोग नाही. तेव्हा घरातून हलायला ती एकाच गोष्टीसाठी तयार झाली: तुझ्या तोंडून ऐकायला.

तुझं दुकान जावयाने शोधून काढलं. हे पत्र देणारा तो आहे, त्याच्या हातातलं बाळ तुझा नातू. मुलगी खाली गाडीत बसली आहे. तुझं वाचून होईपर्यंत ती वर येणार नाही. तू नको म्हणालीस तर तिघं तशीच परत येतील. तसं होऊ शकतं हे मी जावयाला सांगून ठेवलं आहे. माणसाला दाराबाहेर कसं उभं ठेवायचं, ते तुला माझ्याकडूनच शिकायला मिळालं.

बोलावलंस तर तिला उपदेश करू नकोस, तो तिला जन्मभर पुरेल एवढा झाला आहे. पाणी तापव आणि तिच्या देखत बाळाला आंघोळ घाल. मग विचारेल ती.

मी आलेली नाही. गटाचं काम कालच सोडलं, बायकांना कारणही सांगितलं. ऐकू न येणाऱ्या दोघींना लिहून दाखवावं लागलं. क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि आज तुला वेळ नाही.

पत्राच्या शेवटी 'तुझ्यासाठी प्रार्थना करते' असं आपल्यात लिहितात. तुझ्यासाठी माझी करून झाली आहे.

तुझ्या मुलीची आत्या

जावयाच्या हाती दिलं ते असं: तुझ्या पाचही चिठ्ठ्या. मुलीचा जन्मदाखला आणि लशींचा कागद. डॉक्टरीणबाईंचं पत्र, सोबत गोळ्यांचं पाकीट, न फोडलेलं. बाळ, वजन चार किलो शंभर ग्रॅम, सहाला दूध पाजलं आहे, पुढचं नऊला. मुलगी, वय तेवीस. माझ्या हाती आली तेव्हा सात आठवड्यांची होती.