शेठला हाक

२७ एप्रिल २०२५, रविवार

मासेच नाहीत! नाव मत्स्यालय आणि आत मासे नाहीत! मौजनगरी पार्कमधून बाहेर पडल्यापासून डोकं सणकलंय. पर्स ठेवली आणि थेट लिहायलाच बसले.

सकाळीच हे म्हणाले, “दीपा, चल, शेठला भेटून येऊ.” आवाज कसाबसा बाहेर येतो आता. उद्या घशातला तुकडा काढून तपासायचाय. त्याआधी शेठला बघायचं होतं, एवढंच मागणं.

आणि शेठ तरी काय कालचा आहे! वास्तुशांतीला तृप्ती वन्संनी पिशवीतून आणला तेव्हा बोटाएवढा होता. अरोवाना म्हणे, घराला चांगला असतो. खालच्या ओठाला दोन मिशा, चाल सावकाश, कुणाकडे पाहिलं तरी उपकार केल्यासारखं. ह्यांनी लगेच नाव ठेवलं, शेठ. निकिता बारावीला गेली तोवर हातभर झाला, टाकीत वळता येईना. मग मौजनगरीच्या मत्स्यालयाला दिला. हे अधूनमधून भेटायला जायचे. बोटातली पोवळ्याची अंगठी काचेवर वाजवायची — टक टक, टक — की शेठ कुठूनही समोर हजर! बघे टाळ्या वाजवायचे. ह्यांची छाती फुगायची.

आज दारावर नवीन पाटी. ‘डिजिटल सागर अनुभव’. आत मिट्ट काळोख आणि भिंतभर पडदे. पायाखालून देवमासा जातो, पोरं त्याच्यावर उड्या मारतात. जलपरी मराठीत स्वागत करते. मालेगावकडचं एक कुटुंब होतं, त्यातल्या आजी सारख्या विचारत होत्या, “मासा कोठे शे रे भाऊ?” नातू म्हणाला, हेच मासे. आजी पदराखाली हसल्या आणि बाकड्यावर जाऊन बसल्या. एक बाई गार्डशी भांडत होत्या, वर्षभर लेकाला कासव दाखवते म्हणून कबूल केलं होतं म्हणे. माझंही भांडण तयारच होतं.

हे मात्र सरळ शेठच्या जागी गेले. तिथेही पडदाच, त्यावर नारिंगी मासे. ह्यांनी अंगठी वाजवली. एकही वळला नाही. पुन्हा वाजवली. गार्ड धावत आला, “काका, स्क्रीनला हात लावू नका.” मी हात लावून पाहिला. काच कोमट होती.

“इथला अरोवाना कुठाय?” मी विचारलं. कुणालाच माहीत नाही. “शिफ्ट केले असतील.” “मॅनेजर सुट्टीवर.” शेवटी काउंटरवर माझा नंबर ठेवून आले. येताना बसमध्ये हे एक शब्दही बोलले नाहीत. घसा दुखत होता म्हणून नाही. बावीस वर्षांत मला एवढं कळतं.

२८ एप्रिल, सोमवार

तुकडा काढला. आठवड्यानं रिपोर्ट.

सातपूरच्या कबड्डी स्पर्धेवाल्यांचा फोन — “गोरक्षभाऊंशिवाय कॉमेंट्री कोण करणार?” मी म्हटलं, बघू.

हा आवाज! कामावरून येताना गल्लीच्या तोंडाशीच सुरू व्हायचा, “दीपाऽऽ, चहा टाक!” आख्ख्या गल्लीला कळायचं आमच्या घरी चहा होतोय ते. मी किती करवादायची — अहो, घरात येऊन सांगा की! गेले दोन महिने घरात येऊन, अगदी जवळ येऊन सांगतात. मला ते आवडत नाही.

१ मे, गुरुवार

निफाडहून सासूबाईंचा फोन. बोलता बोलता शेठचं सांगून बसले. तर म्हणतात कशा, “मेला आसंल गं तो. लय बरं झालं! घरातला मासा मेला म्हंजी घरावरचं त्यानं आंगावर घेतलं. आता माह्या गोरक्षला काय बी व्हनार नाय.” शेतातल्या विहिरीवरच्या आसरादेवींना दहीभाताचा निवद दाखवला त्यांनी, शेजारीपाजारी वाटलासुद्धा.

मी शिकलेली बाई. शिकवण्या घेते, पोरांना विज्ञान शिकवते. पण खरं लिहिते, फोन ठेवल्यावर किती हलकं वाटलं! गेला असेल शेठ. ह्यांचं घेऊन गेला असेल. संध्याकाळी मन लावून भरली वांगी केली. ह्यांना गिळवेनात. तरी मी खुशीत.

५ मे, सोमवार

कॅन्सर.

डॉक्टर बाई चांगल्या आहेत, कागदावर चित्र काढून दाखवलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून. “जीव वाचेल. आवाज जाईल.” असं लागोपाठ दोन वाक्यांत म्हणाल्या.

ह्यांनी विचारलं, “कबड्डी बघता तर येईल ना?” त्या हसल्या. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

सासूबाईंना अजून कळवलं नाही. त्यांचा निवद डोळ्यांपुढून हलत नाही.

८ मे, गुरुवार

मौजनगरीतून फोन. सार्थक म्हणून कुणी पोरगेलासा मॅनेजर. “मॅडम, गुड न्यूज! तुमचा मासा सापडला. मागच्या शेडमध्ये आहे. आता आपल्याकडे लाइव्ह मासे ठेवायचे नाहीत आणि शेडही पाडतोय. घेऊन जाता का? नाहीतर एखाद्या व्यापाऱ्याला देऊ.”

जिवंत!

माझ्या मनात पहिलं काय आलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. मनात आलं — मेला का नाहीस रे तू? शेठ, आठ वर्षं तुला खाऊ घातलं, तुझी टाकी घासली. तुला एवढं जमलं नाही?

सार्थकला म्हटलं, विचारून सांगते. ह्यांना विचारलं नाही.

९ मे, शुक्रवार

सासूबाईंना दोन्ही सांगून टाकलं. आजार आणि मासा. खूप वेळ रडल्या. मग एकदम ताठ आवाजात म्हणाल्या, “त्याला घरी आनू नको. हाय तिथंच राहू दे. ऑपरेशनच्या आधी गेला तर गेला. ते त्याचं कामच हाय.”

मी हो म्हणाले नाही. नाहीसुद्धा म्हणाले नाही.

१३ मे, मंगळवार

उद्या ऑपरेशन. निकिता पुण्याहून आलीय. मोबाइल समोर धरून मागे लागली, “पप्पा, काहीतरी बोला ना. कॉमेंट्री करा. आरती म्हणा. काहीही. आपल्याकडे राहील.”

ह्यांनी हातानं मोबाइल खाली केला. “नको गं. माझा आवाज त्या पडद्यावरचा मासा होईल. वाजवलं तर वळणार नाही.” निकिताला काही समजलं नाही. मला समजलं. मी पोरीवर उगाच खेकसले, जा, कपड्यांच्या घड्या घाल म्हणून.

दवाखान्याला निघताना हे मुद्दाम पुढे गेले. गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि वळून हाक मारली — “दीपाऽऽ!” फुटकी, घोगरी, अर्धीच. चौथ्या घरापर्यंतही गेली नसेल. शेजारच्या बायडाबाई ओट्यावर होत्या, त्या आत निघून गेल्या. मी म्हटलं, “आले हो!” मोठ्यानं म्हटलं, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

१४ मे, बुधवार

झालं. सकाळी आत नेलं, दुपार उलटल्यावर बाहेर. अंगठी काढून माझ्याकडे दिली होती, ती अंगठ्यात घातली. नाहीतर पडायची.

१७ मे, शनिवार

हे शुद्धीवर, पण मलूल. नाकात नळी, गळ्यात नळी. पाटीवर लिहायला दिलं तर पाटी बाजूला ठेवली. निकिता काही बोलली की मान भिंतीकडे. माझ्याकडेही पाहत नाहीत. डॉक्टर म्हणतात, होतं असं, वेळ द्या.

दुपारी निकिताला बसवून मौजनगरीला गेले. कुणालाच सांगितलं नाही. शेठचा निकाल लावायचा होता. व्यापाऱ्याला देऊन टाका म्हणायचं आणि परत यायचं, असंच ठरवून गेले होते.

मागच्या शेडमध्ये एक काळी, जाड प्लॅस्टिकची टाकी. एका बाजूला वीतभर काचेची खिडकी. पाणी गढूळ. शेठच्या पाठीवरचे खवले गेलेत, एक डोळा खाली ओघळलाय. तळाशी नुसता पडून. सार्थक म्हणाला, “खात नाही मॅडम. कुणी आलं तरी हलत नाही.”

ह्यांच्यासारखंच की. मग हात आपोआप उठला. टक टक, टक.

आला! सावकाश, आपल्याच तोऱ्यात, पण आला. काचेशी येऊन मला न्याहाळत राहिला. तुला मरायला सांगत होते मी, आणि तू हाकेला येतोस! पोवळ्याच्या अंगठीवर डोकं टेकून रडले. सार्थक बिचारा पाण्याची बाटली घेऊन आला.

शेठ कुणाचं काही घेऊन जाणार नाही. आमचं आम्हालाच निस्तरायचंय. आणि त्याचं त्याला. त्याला न्यायचं ठरलं.

२१ मे, बुधवार

ह्यांच्या कंपनीतले, शिफ्टचे निवृत्तीभाऊ आणि मंडळी! मी फक्त विचारलं होतं, मोठी टाकी कुठे मिळेल. दुसऱ्या दिवशी टेपनं हॉल मोजून गेले. वर्कशॉपमध्ये अँगल कापले, स्टँड वेल्ड केलं. काच एका दुकानाच्या जुन्या शोकेसची. आज बसवली. सोफा गच्चीवर गेला, दिवाण निकिताच्या खोलीत. हॉलमध्ये आता माणसं फक्त कडेकडेनं चालणार. निवृत्तीभाऊ म्हणाले, “वहिनी, गळली तर खालच्या मजल्यावर पोहायला जाऊ.” किती दिवसांनी हसले.

२५ मे, रविवार

शेठ घरी आला. टेम्पोत पिंप, पिंपावर ताडपत्री, ताडपत्रीवर निवृत्तीभाऊ स्वतः बसलेले.

सासूबाई कालच निफाडहून आल्यात. टाकीकडे पाठ करून बसल्या. “जे बाहेर जायचं ते तू टेम्पो करून घरात आनलं.” मी कधी उलटून बोलत नाही. आज म्हटलं, “आई, आपला माणूस बरा व्हावा म्हणून मुक्या जिवाचं मरण मागायचं का? मी मागितलं होतं. मला नाही झेपलं.” त्या जेवल्याच नाहीत.

१ जून, रविवार

हे घरी आले. दारात टाकी दिसली तशी चौकट धरून उभे राहिले. मी अंगठी पुढे केली. इतके वाळलेत की मधल्या बोटात घालावी लागली.

टक टक, टक.

शेठ आला. हे काचेला कपाळ लावून उभे. खांदे हलत होते, आवाज काहीच नाही. इतकं मोठं रडणं आणि घरात पंख्याचा आवाज! मला ते बघवेना.

संध्याकाळी सासूबाई टाकीकडे तोंड करून बसलेल्या दिसल्या. म्हणतात, “डोळा बरा नाय वाटत याचा. हळदीचं पानी चालतं का गं?” म्हटलं, विचारते.

५ जून, गुरुवार

आज भाजी चिरत होते. वळले तर हे मागे उभे. दचकले, वाटी पडली, डाळ सगळीकडे. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. पाणी हवं होतं. सांगणार कसं? मी वळेपर्यंत वाट बघत राहिले. ज्या माणसाची हाक गल्लीभर ऐकू यायची तो माझ्या पाठीशी पाण्यासाठी ताटकळतो!

पाटी नको, टाळी नको, निकितानं आणलेली बेलही नको. फेकूनच दिली. मीही चिडले. मग दिवसभर दोघंही गप्प. म्हणजे मीच गप्प, त्यांचं काय.

पाठ वळवायचीच धास्ती बसलीय. पोळी करतानाही सारखी मागे बघते.

८ जून, रविवार

पोळ्या लाटत होते. टक टक, टक.

शेठला बोलावतायत, म्हटलं. लाटत राहिले. पुन्हा टक टक, टक. जरा जोरात. सासूबाई बाहेरून ओरडल्या, “आगं, जीव गेला तरी वळायची नाय का तू?”

वळले. हे टाकीपाशी नव्हतेच. स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, अंगठी चौकटीवर. दुसऱ्या हातात रिकामा कप.

“आले हो!” म्हटलं. आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.